यादी वाचल्याशिवाय गाठोडं सोडू नये

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी त्यांना सोपं करून सांगितलं होतं, की संगणकात फायली असतात, त्यांची मी गाठोडी बांधते आणि कुणाला लागली की सोडून देते. झालं. त्यांनी ते गल्लीभर केलं. आमचं ऑफिस जरीपटक्याच्या बाजारात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नसे. लग्नसराईत शेजारच्या एक बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काहून वं सुनंदा, तू गाठोडे बांधतं ना तिथं? साड्या होलसेल भावात भेटतीन का?" मी त्यांना खालच्या दुकानदाराकडे पाठवलं. त्याने भाव बरा लावला म्हणतात.

पण खरं सांगायचं तर सासूबाईंइतकं नेमकं वर्णन आमच्या साहेबांनाही कधी जमलं नाही. माझ्या कार्डावर त्यांनी 'डेटा व्यवस्थापक' असं छापलं होतं. ते वाचून कुणाला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मी गाठोडीच बांधत होते आणि चांगली बांधत होते.

आमचं ऑफिस मोजणीचं आणि नकाशांचं. शेतं, संत्र्याच्या बागा, ले-आउट, खाणी, जे म्हणाल ते मोजून द्यायचो. एका कामाच्या शेकडो फायली होतात. नकाशे, फोटो, आकड्यांचे तक्ते, पत्रव्यवहार. काम संपलं की ते सगळं एकत्र बांधून जपून ठेवावं लागतं, कारण गिऱ्हाईक दहा वर्षांनी उगवतं आणि काल दिल्यासारखं मागतं. ही बांधाबांध मी 'टार' नावाच्या एका जुन्या साधनाने करायची. त्यात माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर शब्द लिहायचा, पुढे एकदोन अक्षरं, मग गाठोड्याचं नाव. सी लिहिलं की बांधतं. एक्स लिहिलं की सोडतं. आर लिहिलं की आधीच बांधलेल्या गाठोड्यात शेवटी आणखी एक फाईल सारतं. आणि टी लिहिलं की गाठ न सोडता आत काय काय आहे त्याची यादी वाचून दाखवतं. एवढंच. बांधायला काहीच दिलं नाही तर ते चक्क उत्तर देतं, की रिकामं गाठोडं बांधायला मी भित्रेपणाने नकार देतो. सबंध ऑफिसात स्वतःचा भित्रेपणा कबूल करणारं ते एकटंच होतं.

माझा एक नियम होता. आधी टी, मग एक्स. कितीही घाई असो, यादी वाचल्याशिवाय मी गाठोडं सोडलं नाही. हा नियम मला कुठल्या क्लासात शिकवला नाही, तो माहेरचा. आम्ही उमरेडचे कोष्टी. वडिलांकडे सुताचा गठ्ठा आला की आणणाऱ्या माणसाला ते जाऊ देत नसत. त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, गठ्ठ्याला खोचलेली चिठ्ठी मोठ्याने वाचायचे आणि मगच गाठ सोडायचे. कमीजास्त निघालं तर तो समोर आहे. "एकदा गाठ सुटली का भांडन आपलं," असं ते म्हणायचे. माग गेले, आम्ही भावंडं नागपुरात वेगवेगळ्या नोकऱ्यांना लागलो, पण गाठीपाशी थांबायची ती सवय माझ्यात राहिली.

आमच्या डोंगरे साहेबांना मात्र हा नियम म्हणजे बायकी चिकित्सा वाटायची. माणूस दिलदार, पण धीर नाही. एकदा बाहेरगावच्या एका कंपनीकडून गाठोडं आलं. साहेबांनी ते स्वतःच्या पडद्यावर तसंच सोडलं. बांधणाऱ्याने आत एक पिशवीसुद्धा केली नव्हती, सगळा माल सुटा. साहेबांच्या पडद्यावर त्यांच्या मुलीचा फोटो होता, त्यावर बघता बघता चार हजार फायली सांडल्या. पोरीचा एक डोळा तेवढा दिसत राहिला. "मॅडम, हे काय होऊन राहिलं?" असं ते दारातून विचारत होते, आणि मला हसू आवरेना. आवरायला मला दोन दिवस लागले. नंतर आठवडाभर त्यांनी माझं ऐकलं.

एक गिऱ्हाईकही आठवतं. नरखेड तालुक्यातला एक संत्रा बागायतदार. भावाभावांत वाटणी व्हायची होती आणि त्याला बागेचा जुना नकाशा पाहिजे होता. मी टी लिहिलं आणि यादी सरसर वर सरकायला लागली. मला चष्म्यातून अजून काही दिसायचं होतं, तोच तो म्हणाला, "गेला, गेला. माह्या बागेचा गट नंबर वर गेला, थांबवा." मी मागे जाऊन बघितलं तर खरंच होता. पुढच्या खेपेला त्याने मला टोपलीभर संत्री आणली आणि म्हणाला, की बाई, तुमचं यंत्र झाडावरच्या माकडासारखं पळते. यादी वाचणारा असा माणूस मी ऑफिसात कधी पाहिला नाही.

हे सगळं मी मिरवून सांगते आहे, हे मला कळतंय. पण ज्या कामाबद्दल खरा अभिमान आहे, त्यातच माझी सगळ्यांत मोठी चूकही आहे, म्हणून ते सविस्तर सांगते.

कन्हानच्या पुढे कोळशाची एक भूमिगत खाण होती. तिच्या शेजारी, जमिनीखालीच, एक जुनी खाण होती, केव्हाच बंद पडलेली. बंद खाणीत पाणी साचतं. वर्षानुवर्षं साचतं आणि पोकळ्या काठोकाठ भरतात. आता शेजारच्या चालू खाणीतली माणसं नवीन गॅलरी, म्हणजे कोळशातला बोगदा, खणत पुढे निघाली, की त्यांना एकच गोष्ट पक्की माहीत हवी. जुनी गॅलरी कुठे संपते. ती लांब असेल तर खुशाल खणा. जवळ असेल तर आधी खणायच्या तोंडावर, म्हणजे बोगद्याच्या पुढच्या भिंतीत, बारीक, लांबलचक भोक पाडून बघायचं, पलीकडे पाणी आहे का. भोक न पाडता माणूस त्या भिंतीला जाऊन भिडला, तर भिंत फुटते आणि पळायला जागा नसते.

त्या जुन्या खाणीचे नकाशे फिरत फिरत आमच्या ऑफिसात आले होते. कापडावरच्या मूळ प्रतींना वाळवी लागली होती, म्हणून आम्ही त्या स्कॅन करून, दुरुस्त करून एका गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. एक दिवस चालू खाणीचे सर्व्हेअर भगत मोटरसायकलवरून जरीपटक्यात आले. त्यांना जुन्या खाणीतल्या तेरा नंबर गॅलरीचा नकाशा हवा होता, कारण त्याच दिवशी दुपारच्या पाळीपासून त्या दिशेला काम सुरू होणार होतं. मी तेव्हा डबा खायला आतल्या खोलीत होते. साहेबांनी मला हाक मारली नाही. माऊसने दोनदा टिचकी मारून गाठोडं सोडलं, नकाशा छापला आणि भगतांच्या हातात दिला. मी हात धुऊन आले तेव्हा भगत जाऊन अर्धा तास झाला होता.

"झालं काम मॅडम," साहेब म्हणाले. "तुमच्या यादीसाठी थांबलो असतो तं बिचारा संध्याकाळपर्यंत इथंच बसला असता."

 दिलेल्या प्रत्येक फाईलची तारीख नोंदवहीत लिहायची माझी पद्धत, म्हणून मी टी लिहिलं. तेरा नंबर गॅलरी शोधली. ती एकदा नव्हती. एकाखाली एक, एकाच नावाने, तीन ओळींत तीनदा होती.

बाहेरच्या माणसाला इथे थोडं समजावून सांगायला हवं. गाठोड्यात आर लिहून नवी फाईल सारली, तर त्याच नावाची जुनी फाईल जात नाही. ती आत तशीच राहते, नवी तिच्या मागे जाऊन बसते. सोडताना टार पहिल्यापासून क्रमाने काढतं. पहिली बाहेर येते, दुसरी तिच्यावर बसते, तिसरी दुसरीवर. तुमच्या हातात शेवटची उरते आणि बाकीच्या होत्या हे तुम्हाला कळतही नाही. एरवी हे बरंच असतं, कारण शेवटची म्हणजे सर्वांत नवीन.

यादीत प्रत्येक फाईलपुढे तिची तारीख असते, आकार असतो आणि ती कुणाची आहे त्याचं नाव असतं. पहिली ओळ आधीच्या मोजणीच्या नकाशाची. दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी केलेली, आकाराने मोठी, म्हणजे जुन्या खाणीच्या शेवटच्या मोजणीवरून दुरुस्त केलेली. आणि तिसरीची तारीख नि आकार हुबेहूब पहिलीसारखा. जुनाच नकाशा पुन्हा एकदा, सगळ्यांच्या शेवटी. साहेबांनी छापून दिला तो हा. तिसऱ्या ओळीत नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: सुनंदा.

मला लगेच आठवलं. ऑफिसात नवीन यंत्र आलं तेव्हा मी चार टेबलांवरच्या संगणकांतून उरलेसुरले नकाशे गोळा केले होते आणि एका दमात गाठोड्यात सारले होते. एका जुन्या संगणकात तेरा नंबरची पहिली, कच्ची प्रत पडून होती. सोडताना यादी वाचणारी मी, सारताना वाचली नव्हती. तेव्हा आरच्या जागी यू लिहिलं असतं, तर टारने तारीख पाहून फक्त नवीन असलेल्याच फायली आत घेतल्या असत्या. एका अक्षराचं काम होतं.

गाठोड्यातली अमुकच क्रमांकाची फाईल काढायचीही सोय आहे. मी दुसरी काढली, वेगळ्या जागी. नकाशा पडद्यावर आला आणि मी तो तिसऱ्याशी ताडून पाहिला. छापून गेलेल्या नकाशात जुनी गॅलरी लांबच संपत होती, मध्ये शंभरावर मीटर कोळसा होता. या नकाशात ती पुढे आली होती, वळली होती आणि नव्या खाणीपासून तीस मीटरही उरले नव्हते. खाली जुन्या खाणीच्या सर्व्हेअरची सही होती.

भगतांचा फोन लागेना. मोटरसायकलवर असतील, आणि खाणीच्या ऑफिसातही कुणी फोन उचलेना. सव्वादोन वाजले होते, पाळी चारला उतरणार. मी नकाशा छापायला टाकला आणि साहेबांना म्हटलं, गाडी काढा. असं मी त्यांच्याशी आयुष्यात एकदाच बोलले. ते उठले, हे त्यांचं मोठेपण.

कामठी रोडवर ट्रकांच्या मागे रखडत असताना मी त्यांना तिसऱ्या ओळीचं सगळं सांगितलं. त्यांनी एक ट्रक ओलांडला. मग म्हणाले, "तिथं आपण सिस्टीममधे एरर होती असं सांगू. तुमचं नाव काहून घ्यायचं? खाणीचं काम वर्षाचं हाय आपल्याकडं." त्यांना माझी काळजी होती आणि कामाचीही. मी मांडीवर नकाशाची गुंडाळी धरून बसले होते. मलाही ते सोपं वाटलं, हे कबूल करते. वीस वर्षं मी सगळ्यांना यादी वाचायला सांगत आले, आणि आता परक्या माणसांसमोर आपलंच नाव घ्यायचं म्हणजे नाक कापून हातात देणं.

पोचलो तेव्हा पाळीची माणसं टोपीला दिवे लावून उभी होती. भगत होते आणि त्यांच्यासोबत ढोके नावाचे ओव्हरमन. ओव्हरमन म्हणजे पाळीच्या माणसांना खाली नेणारा आणि वर आणणारा. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. टेबलावर आमचाच नकाशा पसरला होता. मी म्हटलं, हा चुकीचा आहे, हा बघा खरा.

भगत वैतागले. "मॅडम, आत्ता तं तुमच्याच साहेबानं दिला. आता हा खरा म्हनता. उद्या तिसरा आनसान. कोनता मानायचा आम्ही?"

साहेब पुढे झाले. "अहो भगत, ते सिस्टीममधे थोडी..."

ढोके त्यांच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "दोन कागद हायेत माह्यापुढं. एकावर सही हाय, पन सही तं जुन्या कागदावर बी राहू शकते. हाच नवा कशावरून? मले हे सांगा का चुकीचा आला कुठून."

प्रश्न अगदी बरोबर होता. चुकीचा नकाशा शेवटी कसा जाऊन बसला हे कळल्याशिवाय खऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? सिस्टीमची एरर म्हणजे दोन्ही कागद सारखेच संशयाचे. मी म्हटलं, "मी घातला. जुन्या संगणकातली कच्ची प्रत मी तारीख न बघता मागून घातली. ही यादी बघा. पहिली आणि तिसरी एकच आहे. तिसरीपुढे माझं नाव आहे. मधली दुरुस्तीची, तीच शेवटची मोजणी."

यादीचा कागद मी सोबत आणला होता. ढोकेंनी तो टेबलावर ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तारखा वाचल्या. दोनदा वाचल्या.  मागे उभ्या माणसांकडे मला बघवत नव्हतं. मग ढोकेंनी आमचा पहिला नकाशा गुंडाळून भगतांकडे दिला आणि म्हणाले, "आज तेरा नंबरकडं कोनी जात नाही. पयले भोक पाडून पाहू." भगत म्हणाले, मॅनेजर साहेब विचारतील, काम थांबवलं काहून. ढोके म्हणाले, "मी सांगतो त्याईले. चला, बाकीचे दुसऱ्या तोंडावर चला."

 परतताना कामठीजवळ साहेब म्हणाले, "जरा गोलमोल बोलता आलं असतं, मॅडम." मी म्हटलं, "गोलमोल बोलले असते तर त्यांनी भोक पाडलं नसतं." जरीपटक्यात आल्यावर त्यांनी मला घरापर्यंत सोडलं.

पुढचे चार दिवस वाईट गेले.  एक भीती अशी, की दुसरा नकाशाही चुकला असेल आणि पलीकडे नुसता कोळसाच निघेल, मग काम उगाच थांबवलं म्हणून ऑफिसचं नाव जाईल. दुसरी भीती याहून वाईट, की मी डबा आणखी दहा मिनिटं रेंगाळत खाल्ला असता तर? की त्या दिवशी नोंदवही लिहायचा कंटाळा केला असता तर? ही भीती अजूनही कधी कधी येते. घरात मी कुणाला काही सांगितलं नाही. ऑफिसात बसून खाणीची झाडून सगळी गाठोडी काढली आणि प्रत्येकाची यादी ओळ न् ओळ वाचली. आणखी दोन ठिकाणी मीच सारलेल्या जुन्या प्रती सापडल्या. त्या मी काढल्या आणि नोंदवहीत तसं लिहून ठेवलं.

पाचव्या दिवशी दुपारी ढोके स्वतः जिना चढून आले. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, आतलं पाणी काळसर. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तुमचं पानी," ते म्हणाले. "सत्तावीस मीटरवर लागलं. भोकातून असं जोरात आलं का रॉड मागं फेकला. दोन दिवसांपासून वाहूनच राहिलं."

 साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले, बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. खाली चहा सांगितला. मी ढोकेंना म्हटलं, की आभार मानायचे तर मानू नका, तुमच्या माणसांना त्या तोंडावर पाठवणारा कागदही माझ्याच हातून गाठोड्यात गेला होता.

"ते तुमी तिथंच सांगतलं," ढोके म्हणाले. "कोनी सांगत नाही. म्हनून तं म्या भोक पाडलं."

चहा आला. त्यांनी बशीत ओतून तो सावकाश घेतला. मग म्हणाले, "अकरा जन होते मॅडम त्या पाळीले." आणि हजेरी घेताना घेतात तशी त्यांनी नावं घेतली, एकेक बोट मिटत. गणेश. दिलीप. मोठा यादव, लहान यादव. रूपचंद. शेषराव. विठोबा. सुरेश. इस्माईल. किसना. दहा बोटं संपली. मी सगळी नावं ऐकली. साहेबही उभ्याउभ्या ऐकत होते.

"अन् अकरावा?" मी विचारलं.

"अकरावा मी," ते म्हणाले. कपबशी बाजूला सारली, पाळीची वेळ झाली म्हणाले आणि जिना उतरून गेले.